कोरं राखलेलं आभाळ

"कालचं आकाश भलतंच भडक होतं, सर," शेजारचा गावंडे कुंपणावरून म्हणाला आणि खोडके सरांची सकाळ तिथेच नासली.

"माह्या मायचं डोकं चढलं ना जी त्यानं. म्हणे, हे काय मिठाईच्या डब्यासारखं गुलाबी! आज जरा हात आवरता घ्या."

खोडके सर नुसतं "बरं" म्हणाले. राग आला होता, पण गावंडेचं म्हणणं आतून पटलंही होतं. हे त्यांचं जुनं दुखणं. कुणी चित्राला नावं ठेवली की ती लगेच खरी वाटायची, आणि कुणी वाखाणलं की हा माणूस आपली थट्टा करतो आहे असं वाटायचं. आता तर नावं ठेवायला सगळं शहर मोकळं होतं, कारण सर जे काढत ते दिवसभर सगळ्या शहराच्या डोक्यावर पसरलेलं असे.

हे असं कसं झालं ते सांगायला हवं. वऱ्हाडातल्या त्या शहरात उन्हाळा आधीपासून कडकच. पण अलीकडे तो माणसं मारू लागला होता. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना, दवाखान्यांच्या व्हरांड्यांत खाटा लागल्या. मग छत्रप्रकल्प आला. शहराच्या कडेने, दोराला बांधलेले मोठमोठे फुगे उंच सोडले गेले. त्यांतून चुनखडीची, पिठाहूनही बारीक भुकटी दिवसभर वाऱ्यावर सुटे. ती पातळ पडद्यासारखी शहरावर तरंगे, ऊन वरच्या वर उधळून लावी आणि रात्री विरून जाई. खाली चार-पाच अंशांचा फरक पडे. तेवढ्याने माणसं वाचत.

पण आकाश पांढरं पडलं. भुकटीचे कण लहानमोठे असले की ते सगळेच रंग सारखे उधळतात, आणि सगळे रंग सारखे उधळले की दिसतं ते पांढरं. शहरावर कुणी नासलेलं दूध सांडावं तसं झालं. सूर्यसुद्धा तव्यावर फुटलेल्या अंड्यासारखा पसरलेला दिसे. लोक गार झाले, पण खिन्नही झाले. शाळेतली पोरं चित्रातलं आकाश रंगवायचंच सोडून देऊ लागली. तेव्हा कुणाला तरी सुचलं, की कण निवडून एकाच मापाचे केले तर ते ठरावीक रंग वेगळा पाडतात. एका मापाचे निळा, दुसऱ्या मापाचे तांबूस. म्हणजे आकाश रंगवता येणार होतं! अभियंत्यांनी पहिल्यांदा रंगवलं तेव्हा ते प्लॅस्टिकच्या बादलीसारखं दिसलं. मग जाहिरात निघाली, चित्रकार पाहिजे म्हणून.

सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी घराच्या गच्चीवरून एकच गोष्ट काढली, आकाश. जलरंगातली ती चित्रं ट्रंकांमध्ये पडून होती. एकदा जिल्ह्याच्या प्रदर्शनात त्यांनी धीर करून काही लावली, तर परीक्षक पुढून जाताना म्हणाले, "अर्धवट वाटतात. कागद फार कोरा राहतो." तो शेरा सरांच्या मनातून कधी गेला नाही. तसा त्यात दोष काहीच नव्हता. जलरंगात काम करणारा जुना माणूस पांढरा रंग वापरत नाही. ढगाचा पांढरेपणा, पाण्यावरची चमक, सगळं न रंगवलेल्या कागदाचं. त्याला 'राखणं' म्हणतात. सर राखणारे होते, जरा जास्तच.

अर्ज त्यांच्या बायकोने, शशिकलाबाईंनी परस्पर पाठवला. त्या त्याच शाळेत विज्ञान शिकवत. "ट्रंका उंदरांनी खाण्यापेक्षा लोकांनी पाहिलेल्या बऱ्या," एवढंच त्या म्हणाल्या. आणि सरांची निवड झाली.

काम असं, की सरांनी रोज उद्याच्या आकाशाचं चित्र काढायचं. कागद म्हणजे शहरानं उताणं पडून पाहिलेलं आभाळ. प्रकल्पाचं यंत्र ते वाचे आणि रंगांप्रमाणे फुग्यांतून भुकटी सोडे. पहिल्याच दिवशी सरांनी सवयीने एका ढगाची जागा कोरी राखली. यंत्राने कोऱ्या कागदाचा अर्थ लावला, इथे भुकटी नको. दुसऱ्या दिवशी भर दुपारी भाजीबाजारावर उन्हाचा खांबच्या खांब उतरला. मेथी मान टाकून पडली. भाजीवाल्या बाया जुड्या घेऊन प्रकल्पाच्या फाटकाशी आल्या आणि एकीने सरांवर किडकं वांगं नेमकं मारलं.

प्रकल्पाचे प्रमुख धर्माळे साहेब तेव्हा हसले होते. "सर, ढग काढा ना खुशाल. पण पांढरा रंग लावून काढा. कोरं सोडायचं नाही." तेव्हापासून सर ट्यूबमधला पांढरा रंग लावत. प्रत्येक वेळी साजूक तुपात डालडा मिसळल्यासारखं वाटे. धर्माळ्यांनी त्यांच्या ट्रंकांतली सगळी जुनी चित्रंही नेली. एखाद दिवशी सर आजारी पडले तर यंत्राला त्यांचा हात ठाऊक असावा, म्हणून.

त्या सकाळी गावंडेचं ऐकून सर गच्चीवर गेले, तर शशिकलाबाई मधपेटीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. गच्चीवर सातेरी माशांच्या पेट्या त्यांनी निवृत्तीनंतर हौसेनं बसवल्या होत्या. माशा चावत, तरी शेजाऱ्यांना मध आवडे.

"ही पण गेली," त्या म्हणाल्या.

सरांनी वाकून पाहिलं. पेटीत राणी होती, मूठभर लहान माशा होत्या, पोळ्यांत मधही होता. मेलेली माशी मात्र एकही नाही.

"रोग पडला असेल."

"रोगानं मेल्या असत्या तर इथे पडल्या असत्या. ह्या बाहेर जातात आणि परत येत नाहीत. जवळच्या करंजावर जातात त्या येतात. लांब गेलेल्या येत नाहीत. आणि उन्हाळ्यात जवळ फुलं असतात कुठे?" त्या वळल्या. "तुमचं छत्र लागल्यापासून."

"माझं काय त्यात?"

"नाही जी, तुमचं काय! वर्तमानपत्रात फोटो तेवढा तुमचा."

सर खाली आले. जेवायला बसले. शशिकलाबाईंचा राग भांड्यांवर कधीच निघत नसे. त्या उलट फार हळू ठेवत, आणि ते सरांना जास्त लागे.

सरांनी मग विचार केला, चित्रकाराने करावा तसा. मधमाशीला लाल रंग दिसत नाही, निळा चांगला दिसतो, हे त्यांनी वाचलं होतं. आपण महिनाभर तांबूस, केशरी, गुलाबीच काढत बसलो. माशा बिचाऱ्या अंधारात उडत असणार. त्यांनी नवा कागद ताणला आणि त्यांच्या बालपणी हिवाळ्यात असे तसं निळं आकाश काढलं, वर गडद, कडांना विरळ होत जाणारं. दुसऱ्या दिवशी शहर वेडं झालं. लोक कामं टाकून गच्च्यांवर आले. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गावंडेची आईसुद्धा खुर्चीवर बाहेर येऊन बसली आणि म्हणाली, "आता खरं दिसून राहिलं बाप्पा." सरांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की आपण चित्रकार आहोत.

निळं आकाश आठवडाभर राहिलं. आठवड्याअखेरीस गच्चीवरच्या आणखी दोन पेट्या रिकाम्या झाल्या.

शशिकलाबाईंनी बोलायला तो दिवस निवडला. कृषी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकाशी त्या मधल्या काळात बोलून आल्या होत्या. बाईंनी कपाटातून सरांच्या जुन्या कॅमेऱ्याची एक गोल काच काढली आणि सरांच्या हातावर ठेवली. लेन्सवर बसवून फिरवायची ती काच. सर पूर्वी ढगांचे फोटो काढताना तिच्यानं आकाश गडद करून घेत.

"फिरवा. डोळ्याला लावून फिरवा."

सरांनी काच निळ्या आकाशावर धरली आणि फिरवली. पूर्वी फिरवता फिरवता आकाशाचा एक पट्टा जांभळ्यासारखा काळसर होई. आता काहीच होईना. त्यांनी पूर्वेला धरली, उत्तरेला धरली. काच फिरत होती, आकाश मख्ख.

"काच बिघडली," सर म्हणाले.

"काच बरी आहे. दोरी हलवली की ती वरखाली हलते, नाही तर आडवी. उजेडाचंही तसंच. सूर्याच्या उजेडात सगळ्या दिशांची हालचाल मिसळलेली असते. तो स्वच्छ हवेवर एकदाच आपटून वळला, की त्यातली एका दिशेची हालचाल वरचढ होते. म्हणून खऱ्या आकाशावर एक नक्षी असते, सूर्याबरोबर फिरणारी. आपल्याला दिसत नाही, माशीला दिसते. सूर्य झाकलेला असला तरी तेवढ्या नक्षीवरून तिला घराची दिशा कळते. तुमच्या भुकटीत उजेड शंभर वेळा आपटतो. नक्षी पुसून जाते."

"पण रंग तर निळाच आहे ना."

"रंगच आहे फक्त." त्या काच परत घेत म्हणाल्या, "तुम्ही आकाश नाही काढलं. आकाशाचा फोटो चिकटवला. माणसं फसली, त्या नाही फसल्या. त्या मेल्या."

एवढं बोलून त्या खाली गेल्या. मग पुष्कळ दिवस त्यांचं सरांशी बोलणं चहा झाला, भाजी काय, एवढ्यापुरतंच राहिलं. ज्या आठवड्यात शहराने सरांना चित्रकार म्हटलं, तोच आठवडा बायकोने त्यांच्यापासून काढून घेतला होता, आणि तिचं खरं होतं. गावंडेचं खरं असे त्याहून फार जास्त खरं.

सर धर्माळ्यांकडे गेले. धर्माळ्यांच्या खोलीत भिंतभर पडदा होता आणि त्यावर शहराचं आजचं आभाळ.

"माशा?" धर्माळे म्हणाले. "सर, गेल्या उन्हाळ्यात माणसं मरत होती. विसरलात का?"

"नाही विसरलो. सगळं काढा असं म्हणतच नाही मी. त्यांना आभाळाचा एक तुकडा पुरतो. हाताच्या पंजाएवढा. तेवढ्यावरून त्या बाकीची नक्षी ओळखतात म्हणे."

"आणि त्या तुकड्यातून ऊन येईल त्याचं काय? सूर्य डोक्यावर आहे आता. भोक जिथे, ऊन तिथे. वांगं आठवतं ना?" ते जरा थांबले, पडद्याजवळ गेले आणि शहराच्या दक्षिण कडेला बोट टेकवलं. तिथे नाल्याच्या काठाने टिनाच्या छपरांची वस्ती होती. "बरं, घ्या. इथे सोडा तुकडा. तुमचीही हौस फिटेल."

"तिथे टिनाखाली माणसं राहतात."

"राहतात. पण तिथून तक्रार येत नाही."

पुढे सरांना त्याची लाज वाटली, पण खरं असं की ते तेव्हा "बरं" म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडातून नेहमी आपणहूनच निघे.

घरी येऊन त्यांनी कागद ताणला. रंग भिजवले. नाल्याची बाजू कागदावर कुठे येते ते त्यांना ठाऊक होतं. ब्रश तिथपर्यंत गेला आणि थांबला. तिथलं टिन त्यांनी पाहिलं होतं. शाळेतली काही पोरं त्या वस्तीतली असत आणि दुपारी शाळा सुटली तरी वर्गातून घरी जायला नको म्हणत. सरांनी ती जागा निळ्याने भरून टाकली, दोन थर देऊन. मग ब्रश धुतला, वरच्या बाजूला, आपल्या रेणुकानगरावर, हाताचा पंजा टेकवला आणि त्याच्याभोवतीने रंग लावला. पंजा उचलला तेव्हा खाली कागद राखलेला होता. ट्यूबमधल्या पांढऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला रेणुकानगरात ऊन पडलं. लोक आधी चकित झाले. भिंतीवर कडुनिंबाच्या पानांची सावली उमटली होती, काठ धारदार असलेली. लहान पोरं तिच्यावर बोट फिरवून पाहत होती. मग डांबर तापलं, टाक्यांतलं पाणी तापलं, आणि दुपारपर्यंत सरांच्या फाटकाशी माणसं जमली. सगळ्यात पुढे गावंडे.

"सर, बाहेर या! हे काय करून राहिले तुम्ही? सगळ्या शहराले सावली अन् आपल्याच नगराले ऊन?"

"अहो, चुकून झालं असेल," मागून कुणी म्हणालं.

"चुकून नाही," सर दारात येऊन म्हणाले. "मी सोडलं. माशांसाठी."

एकदमच सगळे बोलू लागले. कुणी सरांना म्हातारचळ लागला म्हणालं, कुणी पोलिसांचं नाव काढलं. एक चप्पल अंगणात येऊन पडली. गावंडे फाटक ढकलून आत आला आणि अगदी तोंडाजवळ येऊन ओरडला, "माह्या मायले काही झालं तं तुमाले सोडणार नाही! माशी मोठी का माय मोठी, सांगा!"

सरांना वाटलं, गावंडेचं खरं आहे. ते "बरं" म्हणणार, एवढ्यात जिन्यावरून शशिकलाबाई आल्या.

"तुमच्या आईला आमच्या मागच्या खोलीत आणा," त्या गावंडेला म्हणाल्या. "तिथे ऊन पोचत नाही. कूलर लावला आहे मी, वाळ्याचे पडदे भिजवले आहेत. आणखी कुणाचं म्हातारं माणूस असेल तर तेही आणा. भांडायचं असेल तर नंतर भांडा, आम्ही कुठे पळून नाही चाललो."

गावंडे शिव्या देत देतच आईला आणायला गेला.

शशिकलाबाई सरांना म्हणाल्या, "तुम्ही वर चला."

गच्चीवर फरशी पाय भाजत होती. वर, फिक्या निळ्या पडद्यात हाताच्या पंजासारखं एक भोक होतं आणि त्यातून वेगळंच निळं दिसत होतं. सरांनी काच डोळ्याला लावून फिरवली. तो तुकडा हळूहळू काळसर झाला, पुन्हा उजळला. उरलेल्या एकुलत्या पेटीच्या दाराशी एक माशी धपकन उतरली. तिच्या मागच्या पायांना पिवळा पराग चिकटलेला होता.

"करंजाचा नाही हा," शशिकलाबाई म्हणाल्या. "लांबचा आहे." आणि त्या पुन्हा खाली म्हाताऱ्यांना पाणी द्यायला गेल्या. कौतुकाचा शब्द त्यांनी काढला नाही. सरांनाही तो नको होता.

संध्याकाळी धर्माळ्यांचा फोन आला. सरांना कामावरून काढलं होतं. "उद्यापासून यंत्र काढेल. तुमचा हात त्याला पाठ आहे, तुमच्या सगळ्या चित्रांवर शिकलंय ते. तुमची गरज नाही."

सरांना वाटलं, संपलं. एका दिवसाचं आभाळ मिळालं माशांना. गावंडेची आई मागच्या खोलीत बिछान्यावर बसून चहा पीत होती आणि कूलरचा आवाज फार होतो म्हणून कुरकुरत होती.

दुसऱ्या दिवशी रेणुकानगरावर सावली होती. सगळं पुन्हा झाकलं गेलं असावं. सर अंगणात खुर्ची टाकून बसले आणि वर पाहीनात. दुपारी पुन्हा धर्माळ्यांचा फोन, या वेळी आवाज चढलेला.

"काय शिकवून ठेवलंय तुम्ही त्याला?"

"कुणाला?"

"यंत्राला! आज टेकडीवर भोक आहे. माझ्या घरावर! तुमची ती आताची चित्रं थोडीशीच, आणि ट्रंकांतली जुनी ढीगभर. सगळ्यांत कुठे ना कुठे कागद कोरा. ते म्हणतं, या हाताची सवयच ही आहे. कोरं सोडू नको सांगितलं तर सगळंच पांढरं फासतं. ते लोकांना चालत नाही. हात बदल सांगितलं तर बादलीसारखं काढतं. उद्याचं काढून बघितलं, तर त्यात बाजारावर भोक. परवाच्यात तुमच्याकडे. रोज वेगळीकडे!"

"नाल्यावर?"

"कधीतरी तिथेही येईल! सगळीकडेच येईल. तुम्ही येऊन दुरुस्त करा, ताबडतोब."

सरांच्या तोंडात शब्द आलेला होता, नेहमीचा. तो त्यांनी गिळला.

"तुम्ही मला काढलंय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पाहतात तो कुंपणापलीकडे गावंडे उभा, मान वर करून, डोळ्यांवर हात धरून टेकडीकडे पाहत होता. चेहऱ्यावर चांगलाच आनंद.

"सर, आज टेकडीवाले भाजून राहिले! बरं झालं. त्याईलेही कळू द्या." मग त्याला आपलं जुनं भांडण आठवलं असावं. तो तोंड वाकडं करून म्हणाला, "पण रंग काही खरा नाही जी. तिकडं तं पार फिका पडला. अर्धवट वाटते."

सर उठले. कुंपणापाशी गेले आणि त्यांनी गावंडे दाखवत होता त्या दिशेला बराच वेळ पाहिलं.

"फिका नाही तो, गावंडे," ते म्हणाले. "राखलेला आहे."